एक्केचाळीस सह्या

तालुक्याच्या इतिहासमंडळाने मला एक पान दिलंय भरायला :
‘ऑस्पेलिड आडनावाची नामवंत माणसं.’
अख्खं पान. आणि आम्ही साऱ्या नॉर्वेत मिळून एक्केचाळीस,
त्यातले सहा पाळण्यात, एक तुरुंगात.

तरी सुरुवात केली.
हाल्डिस ऑस्पेलिड, दगडफुलांची जाणकार.
खडकावर पालथी पडून जन्म काढला तिने.
एका करड्या दगडफुलाला आता तिचं नाव आहे,
ते वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतं.
नाव काढील, घाई नाही.

टोर्गेर ऑस्पेलिड, स्कीच्या उडीत देशात चौथा.
चौथ्याला नामवंत म्हणायचं का,
मंडळाने कळवलेलं नाही.

सिव्हर्ट ऑस्पेलिड पायपेट्या बनवायचा.
एक अजून प्रार्थनाघरात आहे,
धुकं उतरलं की तिची एक पट्टी दबते ती वर येत नाही
आणि पाद्री तिच्याच सुरात बोलत राहतो.

मग खासदार एंगेलब्रेक्ट ऑस्पेलिड.
धरणाच्या ठरावाला याने हात वर केला
आणि ऑस्पेलिड बुडालं.

बुडालं म्हणजे खरंच बुडालं.
हे नाव मुळात माणसाचं नव्हतंच, उताराचं होतं.
वारा नसताना ज्यांची पानं थरथरतात
त्या झाडांचा उतार.
उतारावर शेत, शेतात घर,
आणि घरात जो राहील त्याने ते नाव लावायचं.
जावई आला, त्याने लावलं.
गडी आला, सात वर्षं राबला, त्यानेही लावलं,
आणि फ्योर्डच्या पलीकडे दुसरं काम मिळालं
तेव्हा खुंटीवर कोट ठेवावा तसं ठेवून गेला.

चर्चच्या वह्या चाळल्या मी दोन हिवाळे.
हाल्डिस त्या गड्याच्या मागे ठेवलेल्या पोरीची पणती.
टोर्गेरची आजी तिथे बटाटे काढायला आलेली.
खासदारांच्या घरातलं तर कुणी
एक रात्रही झोपलेलं नाही त्या छपराखाली.
पक्कं आडनाव घ्या असा कायदा आला
तेव्हा आजोबांनी नकाशावर बोट ठेवलं.
रक्त म्हणाल तर
थेंबाचंही नातं नाही कुणाचं कुणाशी.

फेब्रुवारीत सरकारी लिफाफा आला.
खालील व्यक्तीने आपलं आडनाव मागितलं आहे.
ते धारण करणारे दोनशेहून कमी असल्याने
प्रत्येकाची संमती आवश्यक.
लेतेब्रहान. वय चौतीस. जन्म केरेन, एरिट्रिया.
धरणाच्या दरवाजांवर रात्रपाळी.
पत्ता : पाण्याच्या वर उरलेलं ऑस्पेलिडचं गवताचं कोठार.
कारण या रकान्यात तीन शब्द :
मी इथे राहते.

तुरुंगातल्याची सही सगळ्यांत आधी आली.
पाळण्यातल्यांच्या त्यांच्या आयांनी केल्या.
सिव्हर्टच्या नातीने फोनवर अर्धा तास
‘आपलं नाव, आपलं नाव’ केलं.
मी ऐकून घेतलं. वह्यांचं तिला सांगितलं नाही.
का नाही सांगितलं, कोण जाणे.

एप्रिलात वीजकंपनी पाणी उतरवते.
गेलो. चिखलातून जोतं वर आलं होतं,
चुलीचा दगड, विहिरीची कड.
गमबूट घालून ती पातळी मोजत होती,
वहीत आकडा मांडल्यावरच माझ्याकडे वळली.
कोठारामागे तिने मासेमारीचं जुनं जाळं बांधलं होतं,
हरणांनी खाऊ नये म्हणून.
आत कमरेएवढी रोपं, तीस-चाळीस असतील.
लावली का, विचारलं.
नाही म्हणाली, जमिनीखालून आपोआप आली.

वारा नव्हता.
‘मग ही हलतात कशाने?’ तिने विचारलं.
मी ऑस्पेलिड, मला ठाऊक असणार, असं वाटलं असेल तिला.
मी कॉफी मागितली.

अडतीस सह्या झाल्यात.
मंडळाची दोन स्मरणपत्रं आली.
पान अजून माझ्याकडेच आहे.