एकच कप

डॉक्टर मांकड म्हणाले, दिवसाला एक.
बास.
ईसीजीची पट्टी त्यांनी घडी घालून
पाकिटात सरकवली, वीजबिल असावं तशी.
एक म्हणजे कोणता, ते मी विचारलं नाही.
दांडिया बाजारातून कारेलीबागेत येईपर्यंत
रिक्षात मांडीवर सगळे कप मांडून पाहिले.

पहाटेचा तर माझाच.
पितळी फिल्टर राजलक्ष्मी मागे ठेवून गेली,
तुतिकोरीनला बदली झाली तेव्हा.
झाकणावर तिच्या सासऱ्यांचं नाव, तमिळमध्ये,
मला अजून वाचता येत नाही.
रात्री पूड दाबायची, फार नाही,
ओल्या वाळूवर मांजराचं पाऊल उमटेल इतकी,
उकळतं पाणी, झाकण, आणि मग झोपायचं.
खालच्या भांड्यात थेंब पडत राहतात
घरात आणखी कुणी जागं असल्यासारखे.

पूड रावपुऱ्यातून आणते, ऐंशी-वीस.
बी चिकमगळूरचं. चिकोरी इथली, आणंदकडची,
तंबाखूच्या शेजारच्या शेतातली.
दुकानदार म्हणतो, एकदा प्युअर नेऊन बघा.
नेली होती.
एकटी एकटी लागली,
वाक्याशेवटी ‘ने’ न लावणाऱ्या
पुण्याच्या पाहुण्यांसारखी.

भाचा, हेरंब, दिवाळीत काचेचं नरसाळं घेऊन आला,
सोबत वजनकाटा आणि बगळ्याच्या मानेची किटली.
पंधरा ग्रॅम, मावशी. तीस सेकंद फुलू द्यायचं.
मी त्याचा गोल कागद उचलला
आणि न बघता चौघडी घालून शंकू केला.
बत्तीस वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये
मी काय लोणी खात होते?
त्यानं मोबाइलवर तीन मिनिटं लावली.
कॉफी चांगली होती, खोटं कशाला बोलू,
पण कपाचा तळ दिसत होता,
आणि सकाळी सकाळी मला
इतकं स्पष्ट काही नको असतं.

अकराचा कप ऑफिसचा. निवृत्तीबरोबर सुटायला हवा होता.
अकरा वाजले की हात अजून
इन्स्टंटच्या बरणीचं झाकण फिरवतो.
रात्रीचा जायफळ घातलेला, तो आईचा.
एकादशीला कॉफी चालते हा निकाल तिचाच,
कुठल्या पोथीत बघून दिला, देव जाणे.
जायफळ आहे म्हणजे औषधात धरा,
असं मांकडांना सांगायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी डोकं असं धरलं
की कुकरची शिट्टी डाव्या डोळ्यात वाजली.

चौथ्या दिवशी, चार वाजता,
मृदुलाबेननी नेहमीसारखं भिंतीवर दोनदा ठोकलं.
त्या चहावाल्या. जन्मात कॉफी प्यायल्या नाहीत.
माझ्यासाठी करतात, वीस वर्षं,
चहाच्याच तपेलीत, आलं ठेचून, फुदिना टाकून,
साय धरेपर्यंत खदखदवून, साखर तीन चमचे.
पहिल्यांदा दिली तेव्हा विश्वामित्री जिन्यात होती,
दोन पायऱ्या बुडलेल्या,
पलीकडच्या गल्लीत मगर दिसली म्हणत होते,
आणि अख्ख्या इमारतीत गॅस फक्त त्यांच्याकडे.
मी म्हणाले, सरस.
एकदा म्हटलेलं सरस
परत घेता येत नाही.

आजही कप पुढे सरकवून विचारलं,
बराबर छे ने, कुमुदबेन?
हो ने, म्हटलं.
घोट घेतला. वाईट होती, नेहमीइतकीच.
डोकं हळूहळू उतरलं.

फिल्टर अजून रात्री भरते, निम्मा.
सकाळी ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत.
मांकडांनी पुढच्या तारखेला विचारलं,
एकच ना?
एकच, म्हणाले.
कोणता, ते त्यांनीही विचारलं नाही.