जास्तीचा दात

खोबणी आधी डेरिक प्रॉसरनं मोजल्या,
मग मी, मग चष्मा पुसून पुन्हा डेरिकनं.
त्र्याहत्तर.
त्यातल्या अकरा रिकाम्या. बाकीच्यांत दात होते,
सफरचंदाच्या लाकडाचे, एका अंगानं झिजलेले,
वर काळं पडलेलं जुनं वंगण.

"हा तुझा प्रांत," डेरिक म्हणाला, आणि सगळे हसले.
खरंच आहे. एकतीस वर्षं मी थॉर्नलोची तोंडं उघडून पाहिली.
गिलियनची अक्कलदाढ मीच काढली,
डेरिकच्या कवळीचा साचा अजून माझ्या कपाटात आहे.
"आ करा, आता चूळ भरा," एवढ्या इंग्रजीवर
इथे जन्म काढता येतो,
असं मी मिरजेला फोनवर सांगायचे.

पाणचक्कीपाशी आलो तेव्हा पाटात पाणी नव्हतंच.
चिखल, ट्रॅक्टरचे टायर, एक बाबागाडी,
आणि चाकाच्या आऱ्यांतून वर गेलेलं वाळुंजाचं झाड.
चार वर्षं लागली.
त्यातला एक अख्खा उन्हाळा काम बंद,
कारण माळ्यावर वटवाघळं बाळंत होत होती.
ईल माशांना वर चढायला जिना बांधून द्यावा लागला, कायद्यानं.
दर गुरुवारी समितीची बैठक, आणि तिथे तेच ते दळण:
छत आधी की झडप आधी,
आणि बिस्किटांचे पैसे कुणी द्यायचे.

धाकटं चाक चोवीस दातांचं.
चोवीस त्रिक बहात्तर, मी मोठ्यानं म्हणाले, मराठीत,
पाढा दुसऱ्या भाषेत म्हणता येत नाही.
मग हा एक जास्तीचा कशाला? कुणाची चूक?

ऑस्कर टूली शेजारच्या परगण्यातून आला होता,
ब्याऐंशीचा, चक्क्या दुरुस्त करणारा.
त्यानं भिंतीवर खडूनं दोन वर्तुळं काढली.
बहात्तर असते, तर प्रत्येक दात
जन्मभर त्याच तिघांवर घासला असता.
ज्याला खोट, त्याची खोट त्याच तिघांच्या नशिबी.
हा एक वाढवला की सगळ्यांची गाठ सगळ्यांशी पडते.
चोवीस फेऱ्या होतात, मग कुठे
पहिला पुन्हा पहिल्याला भेटतो.
"झिजायचं तर सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला,
आणि चहात चौथा चमचा साखर घातली.
मी काही बोलले नाही. दाताचंही नाही.

दगडाला टाकी त्यानंच लावली.
उताणा पडलेला वरचा दगड, त्यावर कोपर टेकून,
चर उपसत, ठक ठक, आठवडाभर.
त्याच्या पंजांच्या पाठीवर निळे ठिपके होते,
पोलादाचे कण, कातडीखाली मुरलेले.
पूर्वी काम मागायला आलेल्या टाकीवाल्याला म्हणे
आधी हात दाखवावे लागत.
टाकीचे घाव सोसून ह्या दगडाला
देवपण नको होतं. नुसती धार.

वादळात पडलेल्या सफरचंदाच्या फांद्या
टेगननं तीन वर्षं गोठ्यात वाळवल्या होत्या.
त्यातून अकरा नवे दात तासले.
शेवटचा मी बसवला. लाकडी हातोडीनं.
सवयीनं विचारलं, दुखतंय का?

झडप उचलली. पाणी आलं, पाळ्यांवर पडलं,
चाक अर्धं फिरलं आणि थांबलं.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या, ते खजील झाले.
डेरिकनं शिव्या घातल्या, टेगननं वंगण घातलं.
दुसऱ्यांदा अख्खी इमारत कण्हली,
धूळ झडली माळ्यावरून, आणि मग पायांखाली
ती थरथर, जी अजून थांबलेली नाही.

पहिलं पीठ कचकचीत, ते कोंबड्यांना गेलं.
आता दर शनिवारी लोक आपापला गहू घेऊन येतात,
उशीच्या अभ्र्यातून, बादलीतून, एकजण तर बुटाच्या खोक्यातून.
दळायला नेतात त्या धान्याला इथे शब्दच नाही.
मी टेगनला सांगितला. तिनं दारावरच्या पाटीवर
इंग्रजी अक्षरांत लिहिलाय, ळ चा ल करून:
शनिवारी दलन, दहा ते एक.

मी खाली दातांपाशी बसते, वंगणाचा डबा घेऊन.
कान लावला तरी ओळखू येत नाही
त्र्याहत्तरातला जास्तीचा नेमका कुठला.