खाट

आमच्या घरात एक खाट होती. तिला गार पडणं माहीत नव्हतं.
पहाटे पाचला ओन्द्रुश उठायचा
आणि तासाभराने त्याच्याच खळग्यात
एका पायात बूट तसाच ठेवून
रात्रपाळीचा वासिल कोसळायचा.
मधल्या वेळात चादर झटकायची मी. वय आठ.
काजळी खिडकीतून बाहेर जायची
आणि खिडकीतूनच परत यायची.

आईला लिहिता येत नव्हतं.
तिच्या वहीत भाडेकरू म्हणजे चित्रं:
मिशी, पाइप, फुटकं बटण, एक कान.
पुढे रेघा. उभी रेघ, डॉलर मिळाला.
आडवी रेघ, पगार झाला की देतो म्हणाला.

दर पंधरवड्याला पाळ्या उलटायच्या.
एकजण चोवीस तास सलग भट्टीसमोर,
दुसऱ्याला अख्खी रात्र.
अख्खी रात्र मिळालेला माणूस झोपत नसे.
पायरीवर बसून नदीपलीकडचा जाळ बघत राही,
जसा कुणाच्या तरी रानात वणवा लागलाय
आणि रान आपलं नाही.

एका मार्चमध्ये कढई कलंडली.
कंपनीचा माणूस टोपी काढून दारात उभा,
पंचाहत्तर डॉलर, आणि इथे सही.
आईने सहीच्या जागी मिशी काढली.
मग वहीतल्या मिशीवर काट मारली.
रात्री नवा माणूस म्हणाला, गादी माझ्या मापाची नाही.
आई म्हणाली, होईल.

एकोणीसच्या संपात
घोडेस्वार पोलीस घोड्यासकट आमच्या ओट्यावर चढला.
आणि बंद डब्यांतून अलाबामाची काळी माणसं आणली,
आमच्या जागी.
आईने वरच्या खिडकीतून कोबीचं पाणी ओतलं.
उकळतं नव्हतं, एवढंच मी सांगू शकते.
खाली एका पोराने तोंड पुसलं
आणि आपल्या तळहाताकडे बघितलं.
पातेलं दोघींनी धरलं होतं.

एक कान याच्याशी माझं लग्न झालं. एमिल झाला.

बत्तीस साली भट्ट्या विझल्या.
बर्फ पडला आणि तीन दिवस पांढराच राहिला.
आईने असा बर्फ या गावात कधी पाहिला नव्हता. ती रडली.
नवरा भिंतीकडे तोंड करून दिवसदिवस पडून,
तरी खाट गार.

पुन्हा जाळ दिसला तो युद्धाचा.
एमिल गेला, मी क्रेनच्या पिंजऱ्यात चढले,
त्रेचाळिसाव्या वर्षी, शिडीने, पुरुषाच्या पँटमध्ये.
गावात पाठ टेकायला जागा उरली नाही.
तेव्हा ती आली, हातात पुठ्ठ्याची पेटी.
तिचे वडील एकोणीसमध्ये इथे होते म्हणाली. थोडे दिवस.
आईला आता जेमतेम दिसायचं.
तिने बराच वेळ बघितलं, वही काढली,
विचारलं, तुझं काय काढू?
तिने पेन्सिल घेतली आणि लिहिलं:
ओडेसा मे टिलमन.
वहीतलं पहिलं नाव.

शेजारणींनी बोलणं टाकलं.
ओडेसाची दिवसपाळी, माझी रात्रपाळी.
तिच्या उबेत मी डोळे मिटायचे.

तार सकाळी दहाला आली.
आईला वाचता येत नव्हतं, पण तार कळत होती.
ती मांडीवर घेऊन बसली
आणि मला तीनपर्यंत झोपू दिलं.
बेल्जियममधलं जंगल, तोफेचा तुकडा.
पोलाद कुठल्या भट्टीचं, ते तारेत नव्हतं.

मग भोंगे वाजले, चर्चच्या घंटा,
अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.
सातव्या दिवशी दोघींना चिठ्ठ्या:
पुरुष परत येत आहेत, आभारी आहोत.

ओडेसा डेट्रॉइटला गेली.
कोबीच्या पाण्याचं मी तिला कधी सांगितलं नाही.
वहीत तिच्या नावापुढे एक आडवी रेघ अजून आहे.
ती मी खोडत नाही.
देणं कुणाचं आहे, ते चित्रावरून कळत नाही.