थर

मे महिन्यात रात्री साडेअकरालाही
वर्धा रोडवरची कंपाउंडची भिंत हाताला गरम लागते.
डबा ठेवतो, रजिस्टरात लिहितो:
शेषराव निनावे, रात्रपाळी.
चिलर सुरू.

इस्पितळामागं टाकी आहे, चार मजली,
आत वीस लाख लिटर.
नवा माणूस हमखास विचारतो, प्यायची का?
नाही. थंडीची.
पाणी नुसतं भांडं.

रात्री वीज स्वस्त, हवाही जरा नरमते,
तेवढ्यात कमवून घ्यायचं.
अन् दुपारी दोनला, पारा सत्तेचाळीसवर असताना,
यंत्रं निजवून
थिएटरला, बाळंतिणींच्या वॉर्डाला
रात्रीचं वाटायचं.

टाकी कधी रिती होत नाही.
खालून जेवढं थंड जातं
वरून तेवढंच कोमट परत येतं.
मध्ये एक थर, हातभर जाडीचा,
ना भिंत, ना पडदा,
पाणीच पाण्याला अडवून धरतं.
खाली पाच अंश, वर चौदा.
दोघांची ओळख होऊ द्यायची नाही,
एवढीच माझी नोकरी.

बाप महालात कूलरच्या ताट्यांत गवत भरतो.
म्हणायचा, थंडावा साठवता येत नाही,
तो जागच्या जागीच करावा लागतो.
एकदा त्याला आणलं. त्यानं टाकीला कान लावला.
"अंदर काहीच नाही वाजून राह्यलं बे."
वाजलं की बिघडलं, मी म्हटलं.

मागच्या नवतप्यात वाजलं.
हेडाऊच्या पोरानं घाईत झडप पूर्ण उघडली,
थंड पाणी खालून उसळत शिरलं.
सकाळी सगळे आकडे सारखे:
नऊ. नऊ. साडेनऊ. नऊ.
थेंबही सांडला नव्हता.
डांगरे मॅडमनी विचारलं,
पाणी तेवढंच आहे, मग गेलं काय?

काय सांगणार.
दुपारी थिएटरातले लोक घामेजले,
दोन ऑपरेशनं पुढं ढकलली,
अन् पोरगा दिवसभर जेवला नाही.

आता तो झडप पाव-पाव फेऱ्यानं उघडतो,
मध्ये थांबून आकडे बघतो.
पहाटेपर्यंत रेघ वरच्या जाळीशी पोचते.
मी सही करतो, सायकल काढतो,
अजनीच्या पुलावरच ऊन कपाळावर बसतं.

दुपारी मी कूलरसमोर झोपतो,
बापानं भरलेल्या ओल्या गवताच्या वासात.
तेव्हा तिकडं माझी रात्र
नळीनळीतून वर चढत असते,
कुणाच्या तरी खाटेपर्यंत.