डाव्या समासातली नोंद

बिरादार सर म्हणाले, नुसतं तुझं मत नको.
समीक्षक काय म्हणतात ते शोध
आणि खाली टीप दे: आडनाव, स्वल्पविराम, नाव,
अंक, वर्ष, पृष्ठ.
पृष्ठ राहिलं तर सर अख्खं प्रकरण परत करतात.

माझा कवी हाळीचा. गुणवंत हाळीकर.
एकच संग्रह, चौसष्ट पानं.
छापणारा प्रेस आता उदगिरात नाही,
त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.
कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं: शून्य नोंदी.
हाळिकर, ऱ्हस्व करून पाहिलं: शून्य.
वेलांटी बदलून माणूस सापडत असता
तर तहसीलमधले आमच्या गावचे निम्मे अर्ज
कधीच मंजूर झाले असते.

मग कार्डांचं कपाट. खण आधी अडतो,
मग एकदम पोटावर येतो.
हाळीकरांचं कार्डच नाही.
खाजाभाईंपाशी मी फक्त कवीचं नाव घेतलं.
ते पेपरवर शिक्के मारत होते. मान वर न करता म्हणाले,
"सत्त्याऐंशीचा दिवाळी अंक. लाल पुठ्ठा, खिडकीपाशी.
घरी न्यायला मिळत न्हाई."

सापडला. साडेचार पानं, लेखक द. ना. टिपरे, पुणे.
माझ्या कवीचं नाव दुसऱ्या कुणी छापलेलं
मी पहिल्यांदाच बघत होते.
पृष्ठ एकशे बारावर टिपरे ती ओळ घेतात:
‘काळोख पोटात धरून बळद उभं रात्रभर’
आणि सांगतात, बळद म्हणजे बैल,
कष्टकऱ्यांच्या मुक्या सोशिकतेची ही प्रतिमा.
पुढं दीड पान बैल चालतो.
मीही त्याच्या मागं मागं वहीत उतरवत गेले,
अवतरणचिन्हांसकट.

पान उलटताना डावीकडं, समासात, फिक्कट पेन्सिल:
"बैल नव्हे. बळद म्हणजे भिंतीतली
धान्याची अंधारी खोली.
वरून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं.
आमच्या घरी ४ होती. ७२ ला चारी रिकामी.
कवी भुकेचं बोलतो आहे."

सही नाही. तारीख नाही.
मी खोडरबर शोधला, वहीतल्या बैलासाठी.

पण ह्याला टीप कशी द्यायची?
संदर्भलेखनाच्या पुस्तिकेत चित्रपटाची सोय आहे,
मुलाखतीची आहे,
संकेतस्थळ कोणत्या दिवशी पाहिलं त्याचीसुद्धा आहे.
पेन्सिलीची नाही.

अंक मिटला तर कण्यावरच्या चिठ्ठीत
तोच ४, शेपूट वर उचललेला.
शेजारच्या पुस्तकावर तोच.
वरच्या कप्प्यात, शिडीपलीकडं, धुळीखाली, तोच.

"ही नोंद तुमची का, खाजाभाई?"
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"पुस्तकात लिवलं तर धा रुपये दंड हाय, ताई.
बोर्ड वाचा."
"पण बरोबर आहे ना?"
"बरोबर असलं तरी धाच."

रात्री टाइप केलं:
सय्यद खाजा पाशामियाँ, समासातील नोंद, पेन्सिल,
पृ. ११२, डावी बाजू.
संदर्भसूचीत अकारविल्ह्यानं ते
टिपऱ्यांच्या पुष्कळ खाली गेले.
त्याला माझा इलाज नव्हता.

सरांनी लाल गोल केला. प्रकाशक? वर्ष?
सूचीत ह्यांचं काय काम, असं मात्र लिहिलं नाही.

पुन्हा गेले. खाजाभाई एका जुन्या कोशाला
खळ लावून कणा चिकटवत होते.
"कधी लिहिलंत?"
"अंक आला त्याच दिवशी.
नवीनच लागलो होतो. सायबानं बघितलं तर
नोकरी जाईल म्हणून फिक्कं लिवलं."
आणि मग, बोटावरची खळ पुसत,
"पर वाचता येईल एवढं लिवलं."

वर्ष भरलं. प्रकाशकाची जागा तशीच ठेवली.
प्रकरण सरांच्या टेबलावर आहे,
मंगळवारपासून.