निम्मा अंगठा

पहाटे मबाम्बाच्या धक्क्यावर
पाहुणे पिशवीतून लेन्स काढतात
तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलतात.
सहाशे मिलिमीटर. वजन तान्ह्या बाळाचं.

"म्हणजे किती पट?" कुणीतरी विचारतंच,
आणि मी, नाबुकेन्या, मुगेर्वाची थोरली,
वल्हं मांडीवर आडवं ठेवून सांगते:
पन्नास म्हणजे साधारण आपला डोळा.
सहाशेला पन्नासानं भागा. बारा.
बारा पट जवळ.
नाही, चुकले. जवळ नाही, मोठं.
जवळ जायला होडीच लागते.

पक्षी एक मीटर वीस,
आपण साठ मीटरवर,
बाकी शाळेतलं त्रैराशिक.
आत सेन्सरवर उभा राहतो
बारा मिलिमीटरचा बुल्वे,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
एवढ्यासाठी माणसं दोन विमानं बदलून येतात.

कुणी लहान सेन्सरचा कॅमेरा काढतो, म्हणतो, दीडपट झालं.
मी काही बोलत नाही.
चपातीची कड कापली म्हणून
मधला भाग फुगत नाही.
कुणी दुप्पट करणारी नळी चढवतो.
चढवा. उजेड पाव उरेल.

आणि बारा पट पक्षी तर बारा पट थरथरही.
कुणी शिंकलं की अख्खं पपायरस चौकटीबाहेर.
दहा वाजले की पाणी तापतं,
मग ती महागडी काच
उकळत्या पातेल्यावरून पलीकडे पाहावं
तसा पक्षी दाखवते: हलता, विरघळता.

बाबा मागच्या टोकाला बसतात.
त्यांच्या तरुणपणी हा पक्षी आडवा आला
की जाळं रिकामं, असं सगळे मानायचे,
त्यांनीही दगड उचललेत.
आता तोच माझ्या धाकट्याची फी भरतो.

त्यांचं माप वेगळं.
हात सरळ, अंगठा आडवा, एक डोळा मिटलेला.
पक्ष्यानं निम्मा अंगठा भरला की वल्हं थांबवायचं.
पुरा भरला
तर तो आधी मान वळवतो,
मग पंख उघडतो,
मग आपण गवत बघत बसतो.
मी एकदा टेप घेऊन मोजलं,
रस्त्यावर, तेवढ्याच उंचीच्या खांबासमोर:
निम्मा अंगठा म्हणजे साठ मीटरला दोन कमी.
बाबांना सांगितलं नाही. त्यांना काय करायचंय.

परवा आर्नहेमच्या योरिंडेबाईंनी
त्यांना लेन्समधून बघायला लावलं.
बराच वेळ बघितलं त्यांनी.
"चोच छान आहे," म्हणाले.
"पण पाणी कुठं गेलं?
मासा कुठून वर येणार, ते यात नाही."
आणि मान वर करून डावीकडे बोट दाखवलं,
तिथं चार बुडबुडे.
बाई वळेपर्यंत
बुल्वे झाड कोसळावं तसा पाण्यावर पडला, उठला,
चोचीत मासा आणि मूठभर शेवाळ.
कॅमेऱ्यात तीस फोटो, सगळे रिकाम्या देठांचे,
अतिशय स्वच्छ.

संध्याकाळी धक्क्यावर
बाई हात लांब करून, डोळा मिटून
मोजत होत्या: चहाची टपरी, उभी बोडाबोडा,
छपरावरचा मराबू.
"पाऊण अंगठा," त्या म्हणाल्या.
बाबांनी आपला धरून बघितला. निम्माच.
मग त्यांच्या खांद्यापासून मनगटापर्यंत नजर फिरवून
हसले:
"तुमचा हात लांब आहे, बाई.
तुम्हाला सगळं
थोडं मोठंच दिसणार."