चौतीस वाटे

रापण ओढून झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते.
मी वही घेऊन माडाखाली बसले.
खाली कसलं, तो माड गेल्या मे महिन्यात आडवा झाला,
त्याच्या बुंध्यावर बसले.

वहीत वाटे बाबांच्या अक्षरात आहेत:
जाळ्याचे सहा, होडीचे चार, तांडेलाचे दोन,
दोर ओढणारे एकोणीस, त्यांचा एकेक,
देवाचा एक,
बुडालेल्या घराचा एक, म्हणजे सध्या सत्यवतीचा,
आणि शेवटचा, जो कोणी उशिरा टोपली घेऊन येईल त्याचा.
चौतीस.
बाबांनी ही बेरीज कधी बदलली नाही,
मासळी कमी आली तरी टोपल्या लहान घ्यायचे.

एके काळी तळपणला तारले इतके लागायचे
की विकून, सुकवून, वाटून उरलेले
आम्ही माडांच्या मुळाशी पुरायचो.
नारळाच्या पाण्याला मासळीचा वास येतो, असं मामी चेष्टेत म्हणायची.
आता तारले नाहीत. माडही
एकेक करून त्यांच्या मागून निघालेत.

आज जाळ्यात झार.
मऊ, बिनडोळ्यांचे, थरथरणारे, दोन हातांत न मावणारे,
जणू कोणी समुद्राची साय काढून इथे ओतली.
खाली फुगलेले केंड, एक चप्पल,
आणि बांगडे. मी दोनदा मोजले.
एकवीस.

ओढणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत लाल.
कोणी माडाचा शिर्का आणला, तो चोळत सगळे गप्प बसले.
एकोणिसांतले अकरा ओडिशाचे आहेत,
आमचे मुलगे जहाजांवर चादरी बदलतात.
बिरंची म्हणतो, त्याच्या गावाची शाळा आता पाण्यात आहे,
ओहोटीला घंटेचा खांब दिसतो.
सांगताना तो हसतो. का, ते मला कळत नाही.

मागे एकदा संस्थेचा तरुण साहेब आला होता,
नळीत पाणी घेतलं, एकतीस अंश लिहिलं.
झिलू तांडेल घोट्याभर पाण्यात उभा राहून म्हणाला,
"दर्याक जोर आयला."
साहेब खूश. "जोर आला? मग चांगलंच की!"
कोणी हसलं नाही.
आमच्याकडे जोर म्हणजे ताप.

तर एकवीस बांगडे, चौतीस वाटे.
जाळंवाला मोळू आधी उठला, धोतराची वाळू झटकली,
"माझे सहा सोड," म्हणाला, आणि भांडण नको म्हणून निघून गेला.
होडीवाल्यानं विडी पेटवली, दुसरीकडे बघत राहिला.
तेही चार मी खोडले.
एकोणीस माणसांना एकोणीस.
देवाला एक. तो सगळ्यांत लहान निवडला, देव समजून घेईल.
सत्यवतीला एक. तिने ओच्यात घेतला,
शेपटी मात्र बाहेर राहू दिली, लोकांना दिसावी म्हणून.

संपलं.
मी टोपली उपडी केली, वही मिटत होते,
तेवढ्यात समोर दुसरी टोपली येऊन टेकली.
रिकामी, जुनी, कडेला दोराने शिवलेली.
वर पाहिलं तर झिलू.
चाळीस वर्षं ज्यानं पाण्याचा रंग पाहून
"घाला" म्हटलं की जाळं पडायचं,
तो उशिरा येणाऱ्याच्या जागी उभा होता.
स्वतःचे दोन त्याने मागितले नाहीत.
"शेवटचा वाटा असा मगो?" एवढंच विचारलं,
आणि मलाही वाटलं की तो थट्टा करतोय.
त्याच्या सुनेला सातवा महिना आहे.

बाबांच्या वहीत शून्य कुठेच नाही.
मी पान उलटलं, परत उलटलं.
मग लिहिलं: येणे बाकी, एक वाटा.
कोणाकडून, ती जागा रिकामी ठेवली.

झिलूनं वाचायचा प्रयत्नही केला नाही.
पाण्याच्या कडेला बिरंची वल्ह्यानं
झार आत ढकलत होता,
एक लाट यायची आणि ते सगळे
पुन्हा त्याच्या पायांशी.